‘एक डॉक्टर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

धमन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडवरच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. लगेच लिहू नका, असं बायको म्हणाली म्हणून थांबलो. राग काही उतरलेला नाही.

आधी चूक कबूल करतो. लेखात एके ठिकाणी ‘नायट्रिक ऑक्साइड’ऐवजी ‘नायट्रस ऑक्साइड’ पडलं होतं, म्हणजे भुलीचा हसवणारा वायू. दुरुस्त केलं, आभारी आहे. पण तेवढ्यावरून ‘हौशी लोकांनी हृदयाच्या भानगडीत पडू नये’? समोर बसून असं बोलला असतात का?

आता ॲसिटिलकोलीन या मज्जातंतूंतून स्रवणाऱ्या रसायनाबद्दलचं आपलं ते वाक्य: ‘ॲसिटिलकोलीनने धमनी सैल होत नाही, आवळते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं.’

अशा पोरांना मी बावीस वर्षं हाताळलंय, औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून. पांढऱ्या उंदराच्या महाधमनीची चकती दोन हुकांत अडकवायची, 37 अंशांच्या द्रावणात सोडायची, खालून बुडबुडे. आधी फिनाइलेफ्रिनने आवळून घ्यायची, मग ॲसिटिलकोलीन. जपून कापलेली चकती सैल व्हायची, आलेखाची रेघ सरसर खाली यायची. कुणी धसमुसळ्याने चिमट्याने आतून खरवडली असेल, तर रेघ ढिम्म. फरक फक्त एका पेशीच्या जाडीच्या अस्तराचा. नायट्रिक ऑक्साइड तयार होतो तो तिथे, आणि बाहेरच्या स्नायूला सैल करतो.

फसगत खुद्द रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाचीही झाली होती. 1953 साली सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर त्यांना आवळणंच दिसलं. पट्टी करताना अस्तर घासून जात होतं, हे 1980 साली त्यांनीच दाखवलं. 1998 चं नोबेल त्यातूनच आलं. माणसाच्या कॉरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत 1986 साली ॲसिटिलकोलीन सोडून पाहिलं, तर निरोगी धमन्या रुंदावल्या, चरबी साचलेल्या आवळल्या. म्हणजे तुमचं वाक्य खरं आहे, डॉक्टरसाहेब, पण आजारी धमनीपुरतं. तुम्ही रोज तेवढ्याच बघत असाल.

बाकी ॲडिनोसिन, एंडोथेलिन वगैरे धमनीवर परिणाम करणारी इतर रसायनं लेखात राहिली, हे मान्य. लेख नायट्रिक ऑक्साइडवर होता. पुरणपोळीच्या कृतीत कटाची आमटी का नाही, असं विचारण्यासारखं आहे हे.

आणि माझ्या वडिलांच्या गोळीचा प्रसंग तुम्हाला ‘भावनिक मसाला’ वाटला. सदऱ्याच्या खिशात तपकिरीच्या जुन्या डबीत सॉर्बिट्रेट ही नायट्रेटची गोळी असायची. जिन्यात छातीत कळ आली की जिभेखाली, आणि पाचेक मिनिटं पायरीवर बसून राहायचे. अस्तर खराब झालं तरी नायट्रेट त्याच्या भरवशावर नसतं, स्नायूपर्यंत थेट पोचतं. लेखाचा मुद्दाच तो होता. तो मसाला कसा?

ता.क. ॲडिनोसिनला तुम्ही दोन्ही वेळा ‘ॲड्रेनोसिन’ लिहिलंय. मी दुरुस्त केलेलं नाही.