‘दोन तासांचा बाप’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक आई’ यांस,

मुलांच्या ताब्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया रात्री वाचली, तेव्हा उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली आणि बसलोच लिहायला.

आधी चूक कबूल करतो, नाहीतर ती लपवली म्हणाल. मुलाला एका पालकाविरुद्ध फितवण्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा 2017 चा निकाल मी बापांची बाजू म्हणून दिला होता. त्या प्रकरणात मुलगी वडिलांकडे वाढत होती, तुटली होती आईपासून, आणि ताबाही आईलाच मिळाला. हे आपण दाखवलंत, बरोबर आहे. दुरुस्ती केली आहे. तत्त्वाला त्याने बाधा येत नाही.

आता आपलं ते वाक्य. ‘शनिवारचा दोन तासांचा बाप आता पालकत्व शिकवणार, छान करमणूक झाली.’

करमणूक. बरं. तर या दोन तासांचा हिशेब ऐका. पहिला आणि तिसरा शनिवार, अकरा ते एक, कोर्टातली मुलांची खोली. भिंतीवर रंग उडालेली कार्टून्स, एक चाक नसलेली सायकल, सोंगट्या कमी असलेला कॅरम. रजिस्टरवर सही करायची, वेळ टाकायची. मी सव्वादहालाच जाऊन बसायचो. मुलगी यायची पावणेबाराला, कारण कधी सर्दी, कधी परीक्षा, कधी नुसतंच ‘निघता आलं नाही’. वाट बघण्याचे तास तुम्ही तुमच्या दोनात धरलेत का? तिला केळ्याचे वेफर्स आवडायचे, म्हणून दर वेळी न्यायचो. पुढे आवडेनासे झाले होते म्हणे. मला ते दोन महिन्यांनी कळलं, कारण ती पुडा न फोडता दप्तरात टाकायची आणि काही बोलायची नाही. बालवाडीपासून चौथीपर्यंत एकही शनिवार चुकवला नाही. एक चुकवला, आमच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला.

हे दोन तास मी मागितले नव्हते, मॅडम. मी रविवार मागितला होता.

आणि कायद्याची गंमत बघा. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 6 नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाचं नाव घेतं, ‘त्यानंतर’ आईचं. या ‘त्यानंतर’चा अर्थ बाप गेल्यावरच असा होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये सांगितलं, आणि त्यात काही चुकीचं केलं असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण त्याच कलमात पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे, असंही आहे. म्हणजे कागदावर पालक मी, आणि मुलीला ताप येऊन गेला हे मला कळायचं शनिवारी. पालकत्व वेगळं आणि ताबा वेगळा, हे 2015 मध्ये गोव्याहून गेलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने उलगडून सांगितलं. मला ते कॅरमपाशी बसून आधीच कळलं होतं. (तो निकालही आईच्या बाजूने लागला. तुम्ही सांगायच्या आत मीच सांगतो.)

तेव्हा ‘दोन तासांचा’ म्हणून हिणवायचं असेल तर ज्यांनी ते दोन ठरवले त्यांना हिणवा. मी घड्याळ घेऊन नव्हतो बसलो. एक वाजला की खोलीतल्या बाई कडी वाजवायच्या.

बाकीचं थोडक्यात. विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात सामायिक ताब्याचा पर्याय सुचवला, तो दोन गावांतल्या आईबापांना कसा जमणार, असं विचारता. जमवणारे जमवतात. ताब्याचा आदेश कायमचा असतो असं मी लिहिलं, हा आरोप मात्र खोटा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खालचे आदेश बदलून मागता येतात, हे लेखात चौथ्या परिच्छेदात आहे. लेख पूर्ण वाचला असतात तर दिसलं असतं.

‘मुलीला स्वतःला काय हवं होतं, ते कुठेच नाही.’ 1890 च्या पालक व पाल्य कायद्यातल्या कलम 17 प्रमाणे, मूल जाणतं असेल तर कोर्ट त्याची इच्छा विचारात घेऊ शकतं. आमच्याकडेही चौथीत असताना न्यायाधीशांनी तिला आत बोलावून विचारलं होतं. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता.

टीका करा, हरकत नाही. पण मी इथे स्वतःच्या नावाने लिहितो. टोपणनावाच्या आडून कुणाच्या शनिवारांची टिंगल करणं सोपं असतं. ‘एक आई’ म्हणवून घेता, तर तेवढं तरी कळायला हवं होतं.

ता.क. पोटगीवर मी ‘सोयीस्कर मौन’ पाळलं म्हणता. एकही महिना चुकलेला नाही. मुलगी अठराची झाली तोपर्यंतच्या सगळ्या पावत्या फायलीत आहेत. त्यानंतरच्याही आहेत.