काका, जरा झूम होत नाही हो

जेम्स वेब ही अंतराळातली दुर्बीण आपल्यापासून साधारण 15 लाख किलोमीटरवर, चंद्राच्या चौपट लांब, आणि परवा रात्री ती सोसायटीच्या गच्चीवरून चक्क माझ्या कॅमेऱ्यात आली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हॅलोजन लावला. टाकी बघायला आलेले म्हणे. रात्री साडेबाराला!

"काय दिसतंय?"

आता पकडलंच म्हणून लॅपटॉपवर दाखवलं. नासाच्या होरायझन्स या वेबसाइटवरून आकाशातली जागा काढायची, लांब एक्स्पोजर मारायचे, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढायचे, अर्ध्या तासाने परत मारायचे, तारे जागच्या जागी आणि एकच ठिपका किंचित सरकलेला, तोच आपला. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्याही हजारो पट मंद असतो तो.

काकांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणजे स्क्रीनवरच, चकली खाल्लेलं. "पुसून बघा, धूळ असेल."

"यान आहे काका. टेनिस कोर्टाएवढा पडदा आहे त्याला, त्याच्यावरचं ऊन दिसतंय."

"मग झूम करा की."

"होत नाही."

"कितीला पडली ही तुमची दुर्बीण?"

मी निम्मी किंमत सांगितली, घरी सांगितलेली. तरी "अरेरे" म्हणालेच.

मग उगाच त्यांना मस्कच्या टेस्लाचं सांगितलं, 2018 मध्ये अंतराळात सोडलेली गाडी, 2025 च्या जानेवारीत नवा लघुग्रह म्हणून नोंदवली गेली आणि दुसऱ्याच दिवशी नाव खोडावं लागलं. काका गंभीर झाले. "अ‍ॅव्हरेज काय देत असेल?" आणि वर, "पार्किंगची कटकट नाही बघा." हे कोण बोलतंय, तर ज्यांची गाडी कायम अर्धी माझ्या जागेत असते तो माणूस!

जाताना मोबाईलमधला पौर्णिमेचा चंद्र दाखवला. "खड्डे दिसतात. याला म्हणतात झूम."

सकाळी ग्रुपवर तोच चंद्र, "काल गच्चीवर दुर्बिणीतून", खाली टाळ्यांचा पाऊस. आणि त्याखाली सेक्रेटरींचा मेसेज, रात्री दहानंतर गच्चीला कुलूप. समोरचं एलईडी होर्डिंग रात्रभर आकाश जाळतं ते चालतं, हॅलोजनचं बिल मेंटेनन्समधून मीच भरतो तेही चालतं, अंधारात गप बसलेला माणूस मात्र चालत नाही. किल्ली हवी तर दोन दिवस आधी लेखी अर्ज करा, कारणासकट. इथे ढगांचा अंदाज दोन तास आधीचा बरोबर येत नाही.