‘एक बेंड शिकायला चार तास?’ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रियेखाली नाव नाही, म्हणून नुसताच नमस्कार. ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या गिटार मास्टर क्लासवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात हे तुमच्या रागावरूनच कळतं. अर्ध्यात सोडून देणारा माणूस इतका नेमका चिडत नाही.

इतरांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. ब्लूज म्हणजे तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि पाच सूर, ते सगळं यूट्यूबवर फुकट पडलेलं आहे. सहा जणांच्या क्लासात चार तास बसून माझ्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं आली, आणि त्यातही मी एक बेंड (तार खेचून सूर चढवणं) शिकलो. जुन्या ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनने चौकात सैतानाला आत्मा विकला, क्लास लावला नाही. ब्लूज जगायचा असतो, शिकायचा नसतो. शिकवणाऱ्या वादकाचं नाव मी दिलं नाही, म्हणजे लेख जाहिरात तरी आहे किंवा बनाव तरी. आणि जाता जाता, ‘ब्लूज बारा बारचा असतो’ (बार म्हणजे चार मात्रांचा एक गट) हे माझं वाक्य चूक आहे.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे वादच नाही. वाक्य चूक आहे. आठ बारचे ब्लूज आहेत, सोळा बारचे आहेत. जॉन ली हुकर एकाच कॉर्डवर अख्खं गाणं रेटायचा. लाइटनिन हॉपकिन्स त्याची ओळ संपली की कॉर्ड बदलायचा, मग बार अकरा भरोत की साडेतेरा. साथ करणाऱ्यांनी त्याच्या डाव्या हातावर डोळे लावून बसायचं. ‘बहुतेकदा’ हा एक शब्द मी खाल्ला होता. आता घातला आहे.

नावाचं कारण साधं आहे. क्लास सुरू होण्याआधीच त्यांनी सांगितलं होतं की इथे काहीही रेकॉर्ड करू नका आणि मी काय बोललो ते माझ्या नावाने छापू नका, कारण मला तुम्हाला मोकळेपणाने ओरडायचं आहे. मला ते पटलं. फी मी माझ्या खिशातून भरली. तरीही लेख जाहिरातीसारखा वाटला असेल तर दोष माझा, कारण जे आवडलं नाही ते मी लिहिलंच नव्हतं. शेवटचा तास जवळजवळ पूर्ण किश्शांत गेला. किस्से झकास होते, पण एका मुलाची पाळी त्यात अर्ध्यावरच राहिली आणि तो हिरमुसून गेला. स्लाइडबद्दल (तारांवर नळी घसरवून वाजवणं) विचारायचं होतं ते राहूनच गेलं.

आता तीन कॉर्ड आणि पाच सूर. तुमची मोजणी बरोबर आहे. ए हा मूळ सूर धरून वाजवायचं तर ए, डी आणि ई, तिन्ही सेव्हन्थ, म्हणजे चार सुरांचे कॉर्ड. पहिले चार बार ए, दोन बार डी, दोन बार ए, मग एक ई, एक डी आणि शेवटचे दोन बार पुन्हा ए, त्यातच परत सुरुवातीला नेणारा टर्नअराउंड. हे मला नऊ वर्षांपासून पाठ आहे. मायनर पेंटाटॉनिकचे पाच सूर त्याच्याही आधीपासून. माहिती कमी पडली म्हणून मी त्या खोलीत गेलोच नव्हतो. उलट माहिती इतकी साठली होती की वाजवताना ती सगळी एकदम बाहेर यायला बघायची.

पाळी आल्यावर नेमकं तेच झालं. त्यांनी संथ लयीत रिदम धरली, मिनिटाला साधारण ६० मात्रा. अशा लयीत बारा बारचा एक फेरा ४८ सेकंदांत संपतो. मी त्या ४८ सेकंदांत येत होतं ते सगळं ओतलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘श्वास कुठे घेतलास?’ मी म्हटलं, गिटारला श्वास कशाला लागतो? ते म्हणाले, ‘बरं, मग हेच गाऊन दाखव.’

पाच अनोळखी माणसांसमोर, माझ्या या आवाजात, मी माझाच सोलो गायला लागलो. तिसऱ्या बारात दम संपला. पाचव्यात सूर कुठे गेला ते मलाही कळेना. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

मग त्यांनी ब्लूजच्या गाण्याची चौकट समोर ठेवली. ती पुस्तकात मीही वाचली होती: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीला चार बार, पण गाणारा त्यातले दोन-अडीचच घेतो. उरलेली जागा गिटारची. बी. बी. किंग गाताना वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे, हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. पण गिटार एकटीच वाजत असली तरी ती दोन माणसं असतात, आणि एक बोलत असताना दुसऱ्याने ऐकायचं असतं, हे मी कधी करून पाहिलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, ‘दोन बार वाजव आणि दोन बार हात तारांवरून उचल.’ त्या लयीत दोन बार म्हणजे आठ सेकंद. करून बघा. नुसते आठ सेकंद, समोर माणसं बसलेली, मागे रिदम चालू आणि आपले हात मांडीवर. मी चार वेळा वेळेआधी घुसलो. चौथ्यांदा त्यांनी रिदम थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पहिल्यापासून सुरू केली.

हे व्हिडिओत सांगितलेलं नसतं असं मी म्हणत नाही. शंभर व्हिडिओत सांगितलेलं असेल. पण व्हिडिओला मी ऐकू येत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ‘एक बेंड’ म्हणून तुम्ही ज्याची थट्टा केलीत त्या बेंडची गोष्ट तर याचा सरळ पुरावाच आहे.

तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची आडवी पट्टी) डी वाजतो. तो खेचून ई पर्यंत न्यायचा, पूर्ण एक टोन. लीड (मुख्य सुरावट) वाजवणारा प्रत्येक जण हा बेंड पहिल्या महिन्यात शिकतो. मी तो नऊ वर्षं वाजवतोय. त्यांनी दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवला, तोही ईच, तो तसाच वाजता ठेवला आणि म्हणाले, ‘आता इथपर्यंत ये.’ मी खेचला. खाली राहिला. स्पष्ट, कानाला टोचेल इतका खाली. पुन्हा खेचला, पुन्हा खाली. वर जाऊन खाली घसरला असता तरी एक वेळ चाललं असतं. माझा कधी पोचलाच नव्हता. नऊ वर्षं मी बेसूर होतो आणि घरच्या अँपवर थोडं डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावलं की ते झाकलं जात होतं. (नवीन घेतलेला पेडल मी कौतुकाने सोबत नेला होता. त्यांनी तो पायानेच बाजूला सरकवला.)

कारण त्यांना माझा हात बघताच दिसलं. मी अनामिकेच्या एकटीच्या जोरावर तार ढकलत होतो. मागची दोन बोटं त्याच तारेवर टेकवून तिला आधार द्यायचा, अंगठा नेकवरून वर आणायचा आणि मनगट फिरवायचं, दाराची मूठ फिरवावी तसं. जोर बोटाचा लागतच नाही. व्हायब्रेटोही (सुराचं हेलकावणं) त्याच मनगटातून येतो. माझा व्हायब्रेटो म्हणजे थंडी वाजल्यासारखी थरथर होती, कारण तोही बोटातूनच येत होता.

आणि मग त्याच तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा सी. या एका सुरावर अर्धा तास गेला आणि तो मला चारही तासांतला सगळ्यात मोलाचा वाटला. ए ला षड्ज धरलं तर सी हा कोमल गंधार आणि सी शार्प शुद्ध गंधार. ए सेव्हन्थ कॉर्डमध्ये शुद्ध आहे, पेंटाटॉनिकमध्ये कोमल. ब्लूज वाजवणारा या दोघांच्या मधे थांबतो. सी वर बोट ठेवून तार जराशी मुरडायची, पुढच्या सुरापर्यंत न्यायची नाही. तुम्ही लिहिलंय की ही आपली मींडच, त्यात अप्रूप ते काय. तार आडवी खेचून सूर चढवणं सतारीवरही आहे, मान्य. पण तिथे खालचा षड्ज जागचा हलत नाही. इथे पाचव्या बारात खालची जमीनच सरकते. डी सेव्हन्थ आला की त्या कॉर्डच्या पोटात सी स्वतःच आहे, कोमल, सरळ. आत्ताच ज्याला मुरडल्याशिवाय गोडी येत नव्हती तोच सूर आता न मुरडता नुसता ठेवायचा. आम्हा सहाही जणांना त्यांनी आळीपाळीने एवढंच करायला लावलं: चौथ्या बारात मुरडलेला सी, पाचव्यात सरळ सी. बोट तेच, फ्रेट तोच. ज्याला जमलं त्याच्या वेळी खोलीतल्या सगळ्यांना कळलं, आणि ज्याला नाही जमलं त्याच्याही वेळी.

वीस मिनिटांच्या हिशोबाचं उत्तरही यातच आहे. आमच्यात एक बाई होत्या, त्यांना लीड अजिबात येत नव्हतं, म्हणून सुरुवातीला त्या ओशाळल्या होत्या. पण त्यांचा शफल (झोके घेणारी ठेक्याची साथ) इतका ठाम होता की पुढचा तासभर उस्तादांनी स्वतःची गिटार खाली ठेवली आणि सगळ्यांना त्यांच्याच साथीवर वाजवायला लावलं. आम्ही बाकीचे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळ्या देत होतो. (पहिल्या आणि तिसऱ्यावर देणारे दोघे निघाले. मी त्यातला एक.) दुसऱ्याची चूक दुरुस्त होताना ऐकलं की कान जास्त उघडतात, कारण तेव्हा आपली अब्रू पणाला लागलेली नसते.

आता रॉबर्ट जॉन्सन. सैतानाची गोष्ट मलाही आवडते. पण तिच्यामागची हकिकत तुमच्यापेक्षा माझ्या बाजूची आहे. त्याच्या आधीच्या ब्लूजवाल्या सन हाउसने सांगितलेली आठवण अशी की पोरगेला जॉन्सन मैफिलीच्या मधल्या वेळात त्याची गिटार उचलायचा आणि इतकं वाईट वाजवायचा की लोक वैतागायचे. मग तो गायब झाला आणि परत आला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. मधल्या काळात तो आइक झिमरमन नावाच्या गिटारवादकाकडे शिकत होता. १९३६ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनियोला आणि १९३७ च्या जूनमध्ये डॅलसला मिळून त्याने २९ गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ मध्ये, सत्ताविशीत, गेला. मडी वॉटर्स सन हाउसला ऐकत, त्याचा हात बघत तयार झाला. बी. बी. किंग १९४६ मध्ये मेम्फिसला गेला तो नात्यातल्या बुका व्हाइटकडे जाऊन राहिला. व्हाइटच्या स्लाइडचा आवाज त्याला हवा होता, स्लाइड काही जमेना, म्हणून बोट हलवून तो आवाज काढायच्या खटपटीत त्याचा व्हायब्रेटो घडला. त्याला कोणी मास्टर क्लास म्हटलं नाही, पण जाणत्याच्या समोर बसून शिकणं हे तेव्हाही होतंच.

‘जगायचा असतो’ याच्यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार नाही. मडी वॉटर्स मिसिसिपीतल्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा, किंगही. ज्या कृष्णवर्णीय माणसांनी हे संगीत केलं त्यांचं कर्ज, त्यांची वेठ, त्यांची भीती माझ्या वाट्याला आलेली नाही, आणि चार तासांनी ती येणारही नव्हती. माझ्या लेखात ‘आता मला ब्लूज कळला’ असं वाक्य होतं. ते वाचून तुम्ही भडकला असाल तर हक्कच होता तुम्हाला. ते मी काढून टाकलं. फक्त एक गोष्ट: ब्लूज म्हणजे नुसतं रडणं, असं तुमच्या लिहिण्यातून ध्वनित होतं, ते काही खरं नाही. शनिवारी रात्री लोक त्यावर नाचायचे. टी-बोन वॉकर गिटार डोक्यामागे धरून वाजवायचा आणि खाली स्प्लिट मारायचा. त्यात दुःख होतं आणि मिजासही होती.

माझं विचाराल तर क्लासला दोन महिने झाले. रोज दहा मिनिटं दुसऱ्या तारेचा ई वाजता ठेवून तिसरी तार त्याच्यापर्यंत नेतो. तीनात दोनदा पोचतो. आठ सेकंद गप्प बसणं अजून जमत नाही, सहापर्यंत आलोय.

आणि हो, हॉपकिन्सच्या एका रेकॉर्डिंगचे बार मोजले तर अकरा भरले असं तुम्ही लिहिलंय, पण गाण्याचं नाव द्यायला विसरलात. तेवढं कळवा. मीही मोजून बघतो, गिटार खाली ठेवून, पायाने ठेका धरून.