डबल बेल

"कंडक्टर छान आहे रे, पण त्याला एसटीचा वास येत नाही," निर्माते म्हणाले आणि त्यांनी माझ्या पटकथेच्या ११८ पानांवर चहाचा कप ठेवला.

गोष्ट वस्तीच्या गाडीवरच्या कंडक्टरची होती. संध्याकाळी शेवटची एसटी घेऊन आडगावी जायचं, तिथेच मुक्काम करायचा आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत यायचं. वनलाइन, म्हणजे एका ओळीतली गोष्ट, ऐकून चार महिन्यांपूर्वी हेच निर्माते 'वा' म्हणाले होते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, या हिशेबानं जवळजवळ दोन तासांचा सिनेमा आता त्या कपाखाली होता.

"एसटीत शेवटचा कधी बसलास?"

"दहावीच्या सुट्टीत."

"मग इमर्शन कर. बुडून जा त्या जगात."

आमच्या घरात हा शब्द आजवर फक्त बादलीत सोडायच्या रॉडसाठी वापरला गेला होता. मी बायकोला सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "विसर्जन दीड दिवसाचं आहे की अनंत चतुर्दशीपर्यंत ठेवायचंय?"

मी सुरुवात घरापासून केली. रविवारी जुन्या बाजारात जाऊन कंडक्टरचा तिकीट पंच शोधून काढला. घासाघीस करून घेतला आणि येताना रिक्षातच 'टिकटिक टिकटिक' सुरू केलं. पुढच्या दोन दिवसांत मी विजेचं बिल, विम्याची पावती, एक लग्नपत्रिका आणि कढीपत्त्याची बरीचशी पानं पंच केली. खाकी शर्टही शिवून घेतला. तो घालून जिना उतरलो तर तळमजल्यावरच्या काकूंनी मला थेट मीटरच्या पेटीपाशी नेलं आणि "दोन महिने रीडिंग चुकतंय हो," म्हणून फैलावर घेतलं. एसटीत आता तिकिटं यंत्रातून निघतात आणि पंच केव्हाच इतिहासजमा झालाय, ही माहिती मला तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं दिली.

मग अभ्यास केला. अभ्यासाचा दोष असा, की तो केल्यावर कुठेतरी घालावासा वाटतो. पान २३ वर माझा कंडक्टर शेजारच्या आजींना म्हणू लागला, "आजी, पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. आणि आपलं भाडं ठरतं ना, ते सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर." आजी पान २४ वर झोपल्या. त्यांना जागं करणारा प्रसंग मला आजतागायत सुचलेला नाही.

रोज सकाळी प्रेरणेसाठी प्रभात रस्त्यानं चालायला जायचो. ज्या फिल्म कंपनीचं नाव या रस्त्याला आहे तिचा स्टुडिओ जवळच होता. १९६० पासून त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्या हवेत काहीतरी उरलं असेल अशी आशा होती. उरलंही असेल, पण सकाळी सात वाजता ते सगळं इडलीवाल्यांच्या वाफेत मिसळून जातं. मी तीन आठवड्यांत दोन किलो वाढलो.

बुडून जाण्याची गोष्ट निघाली की मला दादासाहेब फाळके आठवतात. 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ साली. त्याआधी भांडवल मिळवायचं तर आपल्याला हे तंत्र येतं हे लोकांना दाखवायला हवं, म्हणून या गृहस्थानं कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण करत त्या अंकुराची वाढ टिपली. पडद्यावर ते रोप झरझर वाढताना बघून लोक थक्क झाले आणि पैसा उभा राहिला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिनेही दिले. मी हे सगळं बायकोला भारावून सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचा वाटाणा वाढत तरी होता." दागिन्यांचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. वाटाण्याच्या बाबतीत एवढंच, की त्यांना त्यातून सिनेमा मिळाला आणि मला निर्मात्यांकडून नुसत्याच अक्षता मिळण्याची चिन्हं होती.

अखेर एका मंगळवारी मी स्वारगेटहून भोरला गेलो आणि तिथून संध्याकाळच्या वस्तीच्या गाडीत बसलो. खांद्याला शबनम, तिच्यात नवी कोरी वही, तीन पेनं आणि (हे कुणाला सांगू नका) तो पंच.

कंडक्टर पन्नाशीचे, बारीक मिशीचे. मी लेखक आहे, तुमच्या जीवनाचा अभ्यास करायला आलोय, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "सुट्टे आहेत का?"

मी वही उघडून लिहिलं: 'सुट्टे — प्रतीक?'

पुढचा दीड तास ते गाडीभर फिरत होते आणि मी मान वळवून वळवून त्यांना न्याहाळत होतो. बायकांना निम्मं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्ण माफ, म्हणून गाडीत पुरं तिकीट काढणाऱ्यांत मी, एक शिक्षक आणि चौघे गवंडी एवढेच उरलो होतो. एका आबांनी "पंचाहत्तर पुरी झाली," असं ठणकावून सांगितलं.

"आधार कार्ड?"

"घरी ऱ्हायलं."

"आबा, परवा माझ्याम्होरं सोयरीक जमवताना तुम्ही अडुसष्ट सांगितले."

"ती धाकट्या भावाची सोयरीक व्हती. त्येचं वय सांगितलं."

आबांनी अर्धं तिकीट काढलं आणि उतरेपर्यंत कंडक्टरशी बोलले नाहीत. उतरताना मात्र पिशवीतून मूठभर शेंगा काढून यंत्रावर ठेवल्या. मी यातलं काहीही टिपलं नाही. मी त्या वेळी खिडकीबाहेरचा काळोख टिपत होतो. वहीत त्या काळोखाची साडेतीन पानं आहेत.

दोरीचं शास्त्र तेवढं शिकलो. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. 'डबल बेल' पडली की ड्रायव्हर मागे वळूनही बघत नाही. इतका विश्वास माझ्यावर आजवर एकाही निर्मात्यानं टाकलेला नाही.

गावात पोहोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. ड्रायव्हर-कंडक्टरांची भाकरी एका घरून आली, तिला माझी एक जोडली गेली. जेवण झाल्यावर कंडक्टर दिव्याखाली नोटा लावत, हिशेब जुळवत बसले. माझ्या पटकथेचा आत्मा हाच क्षण होता. पान ६१. मी आवाज खाली आणून विचारलं, "रोज घरापासून लांब, हा काळोख, ही शांतता... एकटेपणा खायला उठत नाही?"

"सदतीस, अडतीस..." ते म्हणाले, "थांबा हो. परत मोजायला लावलं तुम्ही."

ड्रायव्हर मागच्या बाकावरून म्हणाले, "एकटेपणा कसला साहेब? घरी सात माणसं आहेत. हितंच काय ती झोप मिळती." आणि लगेच घोरू लागले. माझा मध्यंतर घोरण्यात वाहून गेला.

बाकावर मला झोप येईना. पहाटे पाचला उठलो आणि ठरवलं, की टेकडीवर जाऊन सूर्योदय बघायचा, त्यातून शेवटचा प्रसंग सुचेल. गाडी सुटायची वेळ पावणेसहा आहे हे मला ठाऊक होतं. डोंगराला ते ठाऊक नव्हतं. वर बसून मी लिहीत होतो, 'क्षितिजावर एक रेघ...' आणि खालून हॉर्न वाजत होता. मला तो हॉर्न फार आवडला. मी लिहिलंही, 'दूरवर कुठेतरी एका वाहनाची साद.' ती साद मलाच आहे हे पाचव्यांदा कळलं.

धावत, घसरत, एक चप्पल निवडुंगाला अर्पण करून खाली आलो तर सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. दुधाच्या किटल्या, कॉलेजच्या पोरी, कालचे आबा (आज खिशाला आधार कार्ड लावून). एक मावशी कडाडल्या, "माझी तालुक्याला तारीख हाय आन् ह्ये बाबा डोंगरावर काय करतंय?"

कंडक्टर म्हणाले, "मावशी, लेखक आहेत ते. काल रात्रीपासून बघतोय, बिचारे काहीतरी शोधत्यात. सापडंना त्यांना." मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात, "पोट बरं आहे ना?"

एका पोरीनं बसायला जागा दिली. त्यांनी दोरी दोनदा ओढली.

घरी आल्यावर दहा दिवस बसून मी सगळी पटकथा नव्यानं लिहिली. काळोख घातला, नोटा मोजणं घातलं, एकटेपणा तर अकरा पानं घातला. निर्मात्यांनी 'वास' मागितला होता म्हणून डिझेलचा उल्लेख नऊ वेळा केला. पानं कमी पडत होती, तेव्हा भर म्हणून गाडी एका येड्यासाठी थांबते तो दीड पानाचा प्रसंगही घातला. त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं. 'एक येडा' एवढंच.

दुसरं नॅरेशन, म्हणजे निर्मात्यांना पटकथा ऐकवणं, चाळीस मिनिटांत आटोपलं. निर्मात्यांनी पानं उलटी केली, परत सुलटी केली आणि 'एक येडा'वर बोट ठेवलं.

"हा कोण आहे?"

"कुणी नाही. तो फक्त गाडीला उशीर करतो."

"हाच तर माणूस आहे! बाकी सगळं डिझेल आहे. सिनेमा ह्याच्यावर कर. कुठून येतो, घरी कोण आहे, बायको ह्याला कशी सहन करते, सगळं आलं पाहिजे. आणि असं वरवर नको हं. इमर्शन कर."

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी बायकोला हे सांगितलं. म्हटलं, आता येड्याच्या जगात पूर्णपणे बुडून जावं लागणार, बहुतेक पुन्हा प्रवास करावा लागेल.

ती भाजी चिरत होती. "प्रवास कशाला?" एवढंच म्हणाली. मग हात पुसून तिनं कढीपत्त्याच्या डब्यामागे लपवून ठेवलेला पंच काढला, माझ्या लिहायच्या टेबलाकडे बोट दाखवलं आणि ओट्याच्या कडेवर पंच आपटला. दोनदा.