धूर ग्लासगोत, सिम लिव्हरपूलला

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात दहशतवादाच्या संशयावरून पकडलेला भारतीय डॉक्टर मोहम्मद हनीफ निर्दोष होता, या माझ्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंय की विस्तवाशिवाय धूर निघत नाही, निर्दोष होता तर वन-वे तिकीट काढून पळत का होता, आणि 26/11 ला माझं कोणी गेलं असतं तर मी असं लिहिलं नसतं. दोन ओळीत उत्तर देण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

30 जून 2007 ला स्कॉटलंडच्या ग्लासगो विमानतळावर पेटती जीप घातली, ती चालवणारा हनीफचा नात्यातला भाऊ, हे खरंय, चौकशी व्हायलाच पाहिजे होती. पण 2 जुलैला ब्रिस्बेनला पकडल्यावर 12 दिवस आरोप न ठेवता आत ठेवलं आणि मग कोर्टात सांगितलं की त्याचं सिम त्या जीपमध्ये सापडलं. सापडलं होतं लिव्हरपूलला ओ, शेकडो किलोमीटर लांब, जीपवाल्याच्या भावाकडं! हनीफनं 2006 मध्ये इंग्लंड सोडताना प्लॅनमधली मिनिटं शिल्लक होती म्हणून ते त्याला दिलेलं. आणि तिकिटाचं म्हणाल तर बंगळुरूत त्याच्या बायकोला मुलगी होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, शिवाय निघायच्या आधी त्यानं स्वतःच ब्रिटिश पोलिसाला फोन लावून बघितलेला. पळणारा माणूस असं करतो का?

मी पुण्यातली नोकरी सोडून इथं घरच्या टॉवेलच्या धंद्यात आलो तेव्हा माझं सिम बॅलन्ससकट रूम पार्टनरला देऊन आलो होतो. गाडी सोलापूरजवळच्या बाळ्याला आली आणि नवीन फोनवर माझाच जुना नंबर वाजला, "पोचलास का रे?" पुढं त्या नंबरवरून त्यानं कुणाकुणाला फोन केले हे मला आजतागायत माहीत नाही. माझं आडनाव बघून मला कोणी विचारणारही नाही, आणि माझा सगळा मुद्दा तिथंच आहे बघा.

आता 26/11. कसाबला 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली तेव्हा गृहमंत्री आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे होते, इथं सगळ्यांना आठवत असेल. पण त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी सुटले हे किती जणांना आठवतं? पोलिस म्हणत होते, त्यांनी दिलेला हातानं काढलेला नकाशा मेलेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात मिळाला. पँट रक्तानं भिजलेली आणि कागदावर रक्ताचा डागसुद्धा नाही. कोर्टानं तो पुरावा मानला नाही, सुप्रीम कोर्टानंही त्यांची सुटका कायम ठेवली. कसाबची फाशी जगात कुणाला खोटी म्हणता आली नाही ती असा एकेक कागद तपासला म्हणूनच. ज्यांची माणसं गेली त्यांना खरा गुन्हेगार पाहिजे की ओ, हाताला लागेल तो नाही.

एक चूक मात्र तुम्ही बरोबर पकडलीत. हनीफला "कोर्टानं निर्दोष सोडलं" असं मी लिहिलेलं, ते चुकलं. 16 जुलैला जामीन मिळाला, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाच्या मंत्र्यानं व्हिसा रद्द केला, आणि 27 जुलैला सरकारी पक्षानंच आरोप मागे घेतला. व्हिसा रद्द करणं चुकीचं होतं असा कोर्टाचा निकाल ऑगस्टमध्ये आला. पोस्टमध्ये आत्ताच दुरुस्त केलंय, परत एकदा बघून घ्या.