बाईच्या छातीत दुखलं की आधी पित्तच का?

पन्नाशीचा गडी छातीवर हात दाबत कॅज्युअल्टीत आला की त्याला लगेच कॉटवर घेतात. त्याच वयाची बाई "मळमळतंय, पाठ भरून आलीय, दरदरून घाम सुटलाय" म्हणाली की पॅन्टॉपचं, म्हणजे पित्ताचं इंजेक्शन आणि "वैनी, टेन्शन घेऊ नका." अमेरिकेतल्या अभ्यासांतही छातीदुखीच्या बायका आणि कृष्णवर्णीय रुग्ण जास्त ताटकळलेले दिसतात. आपल्याकडं वर्णाऐवजी पैसा आणि गाव आडवं येतं.

हे कुणी मुद्दाम करत नाही. म्हणूनच नुसत्या चांगुलपणानं ते सुटणारही नाही, नियमच लागतो. छाती, जबडा, डावा हात, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग, काहीही दुखत असो, दारातून आत आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी. केसपेपर मागाहून.

आणि तो नीट काढलेला. ईसीजीच्या छातीवर चिकटवायच्या लीड (तारा) व्ही1 ते व्ही6 अशा सहा असतात. त्यातल्या व्ही1, व्ही2 चौथ्या बरगडीखालच्या फटीत लागतात. घाईत त्या वर, दुसऱ्या फटीत जातात आणि नसलेला जुना अटॅक कागदावर दिसतो. बायकांच्या व्ही4 ते व्ही6 संकोचापोटी भलतीकडंच चिकटवतात. पडदा ओढा, सिस्टरना बोलवा, पण लीड ब्लाउजच्या सोयीनं लावू नका. वाचतानाही फरक आहे: व्ही2-व्ही3 मध्ये एसटी (आलेखातला अटॅकमध्ये वर चढणारा भाग) चढलाय म्हणायला चाळिशीपुढच्या पुरुषाला 2 मिमी लागतो, बाईला 1.5 पुरतो. ट्रोपोनिनचं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या टेस्टचं, तेच. एका प्रचलित हाय-सेन्सिटिव्हिटी (अगदी थोडं ट्रोपोनिनही पकडणाऱ्या) किटची नॉर्मलची वरची मर्यादा पुरुषांना 34, बायकांना 16 नॅनोग्रॅम प्रतिलिटर आहे. सगळ्यांना 34 लावलं की 25 वाली बाई घरी जाते. दुखायला लागल्यावर तासाभरातच घेतलेलं रक्त निगेटिव्ह येऊ शकतं. हाय-सेन्सिटिव्हिटी असेल तर 1 ते 3 तासांनी, जुन्या पद्धतीची टेस्ट असेल तर 3 ते 6 तासांनी परत घ्यायचं.

"तालमीत जाणारा गडी, याला कसला अटॅक?" हेही बंद करा. 2004 च्या इंटरहार्ट या अनेक देशांतल्या हार्ट अटॅकच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्यांना पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी आला, बाकीच्यांना 59 च्या आसपास. मधुमेह असलेल्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर दुखतच नाही कधीकधी, नुसता दम लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड, गगनबावड्याकडच्यांचा प्रश्न अंतराचा. ईसीजीत मोठा अटॅक दिसतोय आणि 2 तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नाही, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, ते चालणार नाही असं कारण नसेल तर, तिथंच अर्ध्या तासात द्यायचं आणि मग पुढं पाठवायचं. चंदगडकरांना बेळगाव जवळ पडतं. कोल्हापूरचाच हट्ट कशाला? चिठ्ठीवर दुखणं सुरू झाल्याची वेळ, ईसीजीची वेळ आणि दिलेली औषधं लिहा.

सोबत जाणाऱ्यांनी "पित्त झालंय" असं स्वतःच सांगू नये. 108 ला फोन लावा. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर 300 मिग्रॅ ॲस्पिरिन चावून खायला द्या, गिळायला नको. पहिला ईसीजी नॉर्मल आला पण दुखणं थांबलं नाही, तर 15-30 मिनिटांनी दुसरा मागा. आणि पट्टीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तो थर्मल कागद पुढं पांढरा पडतो, आणि पुढच्या वेळी तुलनेला जुना ईसीजीच लागतो.