प्रपोजलमध्ये स्वतःचं मानधन लिहायला लाजू नका

कला संस्थांची ग्रँट प्रपोजल्स, म्हणजे अनुदान मागणारे अर्ज, वाचायचं, दुरुस्त करून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतेय, बहुतेक वेळा ओळखीपाळखीतून आणि फुकट (हो, कळतंय मला, त्यावर येतेच), आणि आता माझं एक ठाम मत झालंय जे बऱ्याच जणांना आवडणार नाही. प्रपोजल भाषेमुळे पडत नाही. इंग्रजी कच्चं म्हणून तर नाहीच नाही. ते पडतं बजेटच्या पानावर, कारण आपण माणसांचे पैसे लिहायला लाजतो.

म्हणजे बघा ना. पहिली दोन पानं संस्थेचा इतिहास, कुठल्या साली स्थापना, कुणाच्या हस्ते उद्घाटन, मग "लोप पावत चाललेल्या लोककलेचे जतन व संवर्धन" (या वाक्यावर बंदी आणायला हवी), मग पेपरातली कात्रणं, शाल-श्रीफळाचे फोटो, आणि सगळ्यात शेवटी घाईघाईत केलेलं बजेट. मंडप, साउंड, फ्लेक्स, प्रवास, चहा-नाश्ता, इतर. कलाकारांचं काय असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते आपलेच आहेत ओ ताई, ते कुठे घेतायत." आणि हे सगळं जमवून आणणार कोण? "मीच बघतो की." आता वाचणाऱ्याला यातून काय दिसतं, तर मंडपवाल्याला पैसे मिळणार, फ्लेक्सवाल्याला मिळणार, आणि ज्याच्या नावाने हात पसरलाय त्याला भोपळा. वर हेही दिसतं की अख्खा प्रोजेक्ट एका माणसाच्या फुकट मेहनतीवर उभा आहे, तो आजारी पडला किंवा त्याच्या मुलीचं लग्न निघालं की संपलं. मी पैसे देणारी असते तर मीही दिले नसते.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे हवेत बोलल्यासारखं नको. समजा सिंधुदुर्गातल्या दशावताराचं, म्हणजे तिथल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचं, डॉक्युमेंटेशन करायचंय. नेहमीचं प्रपोजल म्हणेल 'दशावतार कलेचा सर्वांगीण अभ्यास', कालावधी एक वर्ष, सुरुवात जूनपासून. अहो जूनमध्ये कुठला दशावतार? जत्रा सुरू होतात दिवाळीनंतर, कार्तिकात, आणि मग दशावताराच्या कंपन्या (म्हणजे नाटकमंडळ्या) उन्हाळ्यापर्यंत गावोगाव फिरत असतात. जून-जुलैत त्यातले कितीतरी नट स्वतःच्या शेतात भाताच्या लावणीला वाकलेले असतात. ज्याला हा सीझन माहीत आहे तो माणूस वर्कप्लॅन वाचून एका मिनिटात सांगेल की लिहिणारा जत्रेत रात्रभर बसलेला आहे की नाही. त्यामुळे पावसाळ्यात कंपनीच्या मालकांशी बोलणी, परवानग्या, कॅमेरा आणि लाइटची टेस्टिंग, गणपती आटोपले की नटांच्या घरी जाऊन मुलाखती, आणि नोव्हेंबरपासून पुढे रात्रीचं शूटिंग असं लिहिलंत तर तुम्हाला विषय कळतो हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

'सर्वांगीण' हा प्रकारही सोडा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, आख्यान, म्हणजे त्या रात्रीची कथा, ठरतं आणि नट उभ्या उभ्या बोलत जातात, म्हणजे तेच आख्यान आज या गावात एक होतं आणि उद्या दुसऱ्या गावात वेगळं. मग एवढंच मागा ना, एक आख्यान, दोन कंपन्या, प्रत्येकी दोन रात्री, आणि त्यात काय काय बदलतं ते बघायचं. छोटं वाटतं, पण हे होण्यासारखं आहे आणि त्यात एक खरा प्रश्न आहे.

आणि आता याचं बजेट करा. मालकाला रेकॉर्डिंगच्या परवानगीचे पैसे. प्रत्येक नटाचं मानधन, त्यात पखवाज आणि पायपेटी (पायाने भाता मारायची हार्मोनियम) वाजवणारे विसरायचे नाहीत (नेहमी विसरतात). रात्रभराचं रेकॉर्डिंग मालवणी नीट कळणारा कुणीतरी बसून कागदावर उतरवणार, एका तासाच्या ऑडिओला त्याचा अख्खा दिवस जाऊ शकतो, त्याचे पैसे. दोन हार्ड डिस्क, एक इथे एक दुसऱ्या गावात. आणि तुम्ही, जे हे सगळं वर्षभर धावपळ करून घडवणार, तुमचं महिन्याचं मानधन. असं मांडलं की बजेट वाचतानाच काम डोळ्यासमोर उभं राहतं, वर पाच पानं वर्णन लिहायची गरजच उरत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी एक्सेल भरा, मग वर्ड उघडा.

"पण मग रक्कम वाढते आणि देणारे घाबरतात" असं एका नाट्यसंस्थेच्या काकांनी मला सुनावलं होतं. वाढते ना, मग काम कमी करा. चार रात्रींच्या दोन करा, पण माणसाचा आकडा शून्य करू नका. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची गुरु-शिष्य परंपरेची योजना आहे ना, त्यात सरकार स्वतः गुरूला महिना १५ हजार धरतं आणि शिष्यांनाही वयाप्रमाणे देतं. सरकारला लाज वाटत नाही तर आपल्याला का वाटावी?

त्याच मंत्रालयाची कार्यक्रम आणि निर्मितीसाठी जी ग्रँट आहे तिथे मात्र दुसरी गोम आहे. मर्यादा साधारण ५ लाख, तीही खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, आणि पैसे येतात हप्त्यात, शेवटचा हप्ता काम झाल्यावर हिशोब आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामालाच वापरल्याचा दाखला) दिल्यावर. म्हणजे उरलेले २५ टक्के कुठून आणणार आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत साउंडवाल्याला काय सांगणार, हे प्रपोजल लिहितानाच ठरलेलं हवं. इथे कितीतरी चांगल्या संस्था अडकल्यात, ग्रँट मिळाली आणि कर्ज झालं असं.

सीएसआरवाल्यांचं, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून पैसे देणाऱ्या कंपन्यांचं, गणित निराळं. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये कला-संस्कृती आणि पारंपरिक कला आहेत, त्यामुळे आमचं बसतं का हो त्यात असं भीत भीत विचारायची गरज नाही, बसतं. फक्त ते लाभार्थी किती विचारणार, आणि तिथे 'हजारो रसिक' लिहायचा मोह आवरा. आठ नट, त्यांची घरं, दोन गावांतल्या शाळा, असं मोजता येईल ते लिहा. आणि सीएसआर-१ फॉर्म (असे पैसे घेणाऱ्या संस्थेच्या नोंदणीचा) भरलेला हवा, २०२१ पासून त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. कागदपत्रांवरून आठवलं, धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज पेंडिंग असेल, म्हणजे जुने अध्यक्ष वारलेत आणि कागदावर अजून तेच आहेत, तर ते आज मार्गी लावा, डेडलाइनच्या आठवड्यात नाही.

राहता राहिलं इंग्रजी. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून ग्रँट देतंय आणि तिथे भारतीय भाषांतली प्रपोजल्स घेतात, म्हणजे मराठीत लिहा, खुशाल. तरी लोक पुण्यातल्या कुणा भाच्याला पकडतात आणि तो 'होलिस्टिक', 'व्हायब्रंट' वगैरे घालून मूळ माणसाला जे माहीत होतं तेच नेमकं पुसून टाकतो. सीझन, गावांची नावं, पखवाजवाला किती घेतो, सगळं गायब.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच की कला ही साधना आहे आणि तुम्ही तिचं दरपत्रक करताय. करा साधना, मी कोण अडवणार. पण मग त्या रात्रभर उभ्या असलेल्या नटाच्या वतीने ती तुम्ही परस्पर करू नका, त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तरी कॉलममध्ये आकडा लिहा आणि 'संस्थेचा वाटा' म्हणून दाखवा, जिथे योजनेत चालतं तिथे. निदान तेवढ्या रकमेचं काम झालंय हे कुठेतरी कागदावर येईल.